काठमांडू : सरोवराच्या तळावरची नगरी

पशुपतिनाथाच्या यात्रेमुळे काठमांडूचे नाव मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. घरातील कोणी वडीलधारे नेपाळला जाऊन येतात, सोबत रुद्राक्षांची माळ आणि देवाची तसबीर आणतात, चार दिवस तेथील थंडीचे व मंदिराबाहेरील गर्दीचे वर्णन होते आणि विषय तेथेच संपतो. देवदर्शनाच्या घाईत त्या नगरीकडे पाहावयाचे मात्र राहून जाते. ती नगरी पाहण्याजोगी तर आहेच, परंतु आपल्यासारख्या, मूळ मुलूख सोडून पिढ्यान्‌पिढ्या अन्यत्र नांदणाऱ्या लोकांनी ती थोडी समजूनही घ्यावी असे आम्हांस वाटते. म्हणून या वेळी या सदरात काठमांडूच्या भूमीची, इतिहासाची आणि लोकवस्तीची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

प्रारंभ भूमीपासून करू. हिमालयाच्या बर्फाच्छादित रांगा आणि दक्षिणेकडील महाभारत पर्वत यांच्या मधल्या डोंगराळ प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० ते १,४०० मीटर उंचीवर, परातीसारखे एक लंबवर्तुळाकार खोरे आहे. पूर्व-पश्चिम साधारण पंचवीस-तीस किलोमीटर, दक्षिणोत्तर वीसच्या आसपास. उत्तरेस २,७३२ मीटर उंचीचा शिवपुरी, आग्नेयेस त्याहून थोडा उंच फुलचोकी, पश्चिमेस नागार्जुन, नैऋत्येस चंद्रागिरी असे डोंगर त्याला वेढून उभे आहेत. शिवपुरीवर बागद्वार येथे उगम पावणारी बागमती विष्णुमती, मनोहरा, हनुमंते इत्यादी नद्यांना पोटात घेत दक्षिणेकडे जाते आणि चोभार येथील अरुंद खिंडीतून वाट काढीत खोऱ्याबाहेर पडते. एवढ्या मोठ्या परातीला पाण्याचा निचरा होण्यासाठी ही एवढीच वाट आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

स्वयंभू पुराणात एक कथा आहे. या खोऱ्यात पूर्वी नागांचे निवासस्थान असलेले विस्तीर्ण सरोवर होते. त्यात एक दिव्य कमळ उमलले व त्यावर स्वयंभू ज्योती प्रकटली. तिच्या दर्शनास आलेल्या बोधिसत्त्व मंजुश्रीने आपल्या खड्गाने चोभारचा डोंगर कापला, पाणी वाहून गेले आणि तळ माणसांना राहण्यास मोकळा झाला. कर्कोटक नागाला राहण्यासाठी एक डोह तेवढा शिल्लक ठेवला, तो आजचा टौदह. भूगर्भशास्त्रज्ञांनी खोऱ्यात खोल विवरे पाडून पाहिली, तेव्हा कथेतील सरोवर खरे ठरले. लक्षावधी वर्षे येथे पाणी होते. ते टप्प्याटप्प्याने ओसरत गेले आणि आजपासून दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तळ उघडा पडला. त्या सरोवराने साठवलेला गाळ, वाळू आणि चिकणमाती यांचा थर खोऱ्याच्या मध्यभागी पाचशे मीटरपर्यंत जाड आहे. शहरातील एका वस्तीचे नावच ‘कालिमाटी’ आहे. माळव्यात किंवा बेळगावाकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांना काळ्या मातीची ओळख निराळी करून द्यावयास नको. परंतु आपली काळी माती ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन बनली, तर तेथील काळी माती ही सरोवराने मागे ठेवलेली ठेव आहे.

या ठेवीवर खोऱ्यातील मूळ रहिवाशांनी, म्हणजे नेवार लोकांनी, एक संपन्न संस्कृती उभी केली. ज्यापू नावाने ओळखले जाणारे त्यांचे शेतकरी ती काळी माती खणून काढून शेतात खत म्हणून पसरीत. भाताचे पीक भरघोस येई. त्याच तळाच्या चिकणमातीपासून विटा भाजल्या जात, आणि लालसर, तुकतुकीत विटांच्या भिंती व कोरीव लाकडाच्या खिडक्या हीच या खोऱ्याच्या वास्तुकलेची ओळख झाली.

या लोकांनी घरे कोठे बांधली हे फार शिकण्यासारखे आहे. ओसरत्या सरोवरामुळे व नंतर नद्यांनी कापत नेल्यामुळे खोऱ्याचा तळ एका पातळीत राहिला नाही. मध्ये मध्ये उंच, सपाट, कोरड्या जमिनीचे पट्टे राहिले. त्यांना तिकडे ‘टार’ म्हणतात. खाली नद्यांच्या काठी सखल, ओलसर जमिनी राहिल्या. जुनी नगरे आणि खेडी बहुतेक सर्व उंचवट्यांवर आहेत. घराला घर लागून, तीन-तीन चार-चार मजले, मध्ये सामाईक चौक, अशी दाट वस्ती त्यांनी पत्करली, पण सखल जमीन घरांसाठी घेतली नाही. ती भाताची, आणि पावसाळ्यात नदीची. काठमांडूचा आकार मंजुश्रीच्या खड्गासारखा, ललितपूरचा चक्रासारखा आणि भक्तपूरचा शंखासारखा असे परंपरा सांगते. परंपरेतील अलंकार बाजूला ठेवला, तरी नगराला आकार असतो, म्हणजेच त्याला सीमाही असते, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

उंचवट्यावर राहावयाचे म्हणजे पाण्याची अडचण आली. तिचा तोड या खोऱ्यात दीड हजार वर्षांपूर्वी निघाला. खोऱ्याचा लेखी इतिहास चांगुनारायणाच्या मंदिरातील मानदेव राजाच्या इ. स. ४६४ च्या शिलालेखापासून सुरू होतो. हा लिच्छवींचा काळ. याच काळात नगरांतून जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावयाची दगडी धारांची कुंडे बांधली जाऊ लागली. नेवार भाषेत त्यांना ‘हिटी’ म्हणतात. ललितपूरच्या राजवाड्याजवळील मंगहिटी इ. स. ५७० ची समजली जाते, आणि तिच्या मकरमुखांतून आजही पाणी वाहते. ज्या काळी आपल्याकडे बदामीचे चालुक्य नुकते डोके वर काढीत होते, त्या काळातील नळ आज चालू आहे असे म्हटले, तर कोणालाही नवल वाटेल!

या धारांमागील योजना अशी होती. डोंगराच्या पायथ्याकडील ओढ्यांचे पाणी ‘राजकुलो’ नावाच्या कालव्यांनी नगराच्या वरच्या अंगाच्या तळ्यांत आणावयाचे. तळ्यांतून ते जमिनीत मुरवावयाचे. वाळूच्या थरांतून गाळले जाऊन ते मातीच्या वा लाकडी नळांनी हिटीपर्यंत पोचवावयाचे. आणि हिटीतून वाहून गेलेले पाणी पुढील तळ्यास अथवा शेतास द्यावयाचे. खोऱ्यात अशा पाचशेहून अधिक हिटी आहेत. त्यांची देखभाल ‘गुठी’कडे असे. हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’वरून आला. एखाद्या कुळाने अथवा मोहल्ल्याने जमीन दान करावयाची व तिच्या उत्पन्नातून मंदिर, उत्सव, धर्मशाळा, पाणवठा यांपैकी एकेकाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाचे, अशी ही व्यवस्था. आपल्या देवस्थानांच्या इनामांशी तिचे साम्य आहे, पण गुठीत सभासदांना पाळीपाळीने प्रत्यक्ष हातांनी काम करावे लागते.

कामाचा दिवससुद्धा पंचांगात बांधून टाकला होता. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, पाऊस तोंडावर आलेला असता, नेवार लोक ‘सिथि नखः’ हा सण पाळतात. त्या दिवशी विहिरी, कुंडे, कालवे उपसून स्वच्छ करावयाचे. वर्षातील सर्वांत कमी पाण्याचा आणि पाऊस येण्याआधीचा शेवटचा दिवस निवडण्यात केवढे शहाणपण आहे, हे ज्याने कधी विहीर उपसली आहे त्याला सांगावयास नको.

पाण्याच्याच संदर्भात आपल्या जिव्हाळ्याचे एक नाव या खोऱ्यात भेटते, ते मच्छिंद्रनाथांचे. ज्ञानेश्वर माउलींची गुरुपरंपरा मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी आहे, हे आपल्या घरांतील मुलांनाही पाठ असते. ललितपूरची कथा अशी, की गोरक्षनाथांनी नागांना आसनाखाली दाबून धरल्यामुळे खोऱ्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. तेव्हा राजा नरेंद्रदेवाने कामरूपाहून मच्छिंद्रनाथांना आणविले. गुरू आलेले पाहून शिष्य वंदन करण्यास उठला, नाग सुटले आणि पाऊस कोसळला. तेथील बौद्ध त्याच देवतेला करुणामय लोकेश्वर म्हणतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ललितपूरच्या रस्त्यांतून वेत व लाकूड यांचा साठ फुटांच्या आसपास उंचीचा रथ बांधून रातो मच्छिंद्रनाथाची यात्रा निघते. हिंदू व बौद्ध एकाच दोराला हात लावतात.

आता राजकीय इतिहासाचा धागा संक्षेपाने घेऊ. लिच्छवींनंतर मल्ल राजे आले. १४८२ मध्ये यक्षमल्लाच्या निधनानंतर त्याच्या वंशजांत राज्याची वाटणी होऊन कांतिपूर म्हणजे काठमांडू, ललितपूर आणि भक्तपूर अशी तीन राज्ये झाली. एका नगरातील घंटेचा नाद दुसऱ्यात ऐकू यावा इतकी ती जवळ होती. त्यांची भांडणे अखंड चालली, परंतु मंदिरे, तळी आणि राजवाडे उभारण्यातही चढाओढ झाली. तिबेट आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यानचा व्यापार या खोऱ्यातून चाले. मिठाचे, लोकरीचे आणि सोन्याचे तांडे येथे थांबत. तिबेटात चालणारी चांदीची नाणी येथील मल्ल राजे पाडून देत. येथील कारागीर तर त्याहीपूर्वी दूरवर पोचले होते. तेराव्या शतकात अरनिको नावाचा तरुण शिल्पी प्रथम तिबेटात व पुढे कुबलाईखानाच्या दरबारी गेला. पेकिंगमधील १२७९ मध्ये पूर्ण झालेला त्याचा श्वेत स्तूप आजही उभा आहे.

गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याने खोऱ्याच्या नाड्या प्रथम आवळल्या. त्याने व्यापाराचे मार्ग रोखले, कीर्तिपूर घेतले आणि १७६८ मध्ये, इंद्रजात्रेच्या उत्सवात नगरी दंग असता, काठमांडूत प्रवेश केला. पुढील वर्षी भक्तपूरही पडले आणि नव्या, एकत्रित नेपाळची राजधानी काठमांडू झाली. १८४६ मधील कोत हत्याकांडानंतर सत्ता जंगबहादुर राणा व त्याच्या कुळाच्या हाती गेली, ती १९५१ पर्यंत.

याच जंगबहादुराच्या काळात आपल्या इतिहासाचा एक करुण धागा काठमांडूला जाऊन मिळतो. १८५७ च्या उठावाचा बीमोड होताना नानासाहेब पेशवे व लखनौची बेगम हजरत महल आपल्या परिवारासह नेपाळच्या तराईत उतरली. जंगबहादुराने इंग्रजांच्या मदतीस स्वतः फौज नेली होती, तरी शरण आलेल्या स्त्रियांना त्याने आश्रय दिला. पेशव्यांच्या घरातील स्त्रिया बागमतीच्या काठी थापाथळी येथे राहिल्या. हजरत महल १८७९ मध्ये काठमांडूतच निवर्तली. तिची कबर तेथील जामे मशिदीजवळ आहे. खुद्द नानासाहेबांच्या अखेरीविषयी इतिहासकारांचे आजही एकमत नाही. शनिवारवाड्याच्या सत्तेचा शेवटचा पदर हिमालयाच्या एका खोऱ्यात विसावला, ही गोष्ट पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंनी जाता-येता स्मरावी.

राणांच्या राजवटीत हे खोरे बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद होते. मोटारीचा रस्ता नव्हता. राणांच्या हौसेच्या मोटारी हमालांच्या खांद्यांवरून चंद्रागिरीचा घाट ओलांडून आणल्या जात. १९५६ मध्ये त्रिभुवन राजपथ खुला झाला आणि खोऱ्यात प्रथमच चाकांवरून येणे शक्य झाले. या एका रस्त्याने मंजुश्रीच्या खड्गाइतकाच बदल घडविला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या वेळी पाणी बाहेर गेले होते. आता माणसे आत येऊ लागली.

आकडेच पाहावे. १९५२-५४ च्या जनगणनेत काठमांडू शहराची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर, १,०६,५७९ होती. १९८१ मध्ये ती २,३५,१६०, १९९१ मध्ये ४,२१,२५८ आणि २००१ मध्ये ६,७१,८४६ झाली. २०११ मध्ये ती दहा लाखांच्या घरात पोचली. नोकऱ्या, कचेऱ्या, महाविद्यालये, रुग्णालये सारे राजधानीत एकवटले होते. त्यात १९९६ ते २००६ या काळातील माओवादी संघर्षामुळे पहाडी जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे जीव वाचविण्यासाठी येथे आली. २०२१ च्या जनगणनेत महानगराचा आकडा प्रथमच खाली येऊन ८,६२,४०० झाला. पण याचा अर्थ ओघ थांबला असा नव्हे. काठमांडू जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दशकात साडेसतरा लाखांच्या आसपास होती ती वीस लाखांवर गेली. माणसे जुन्या शहरातून उठून भोवतालच्या नव्या नगरपालिकांत राहू लागली, आणि बरेच तरुण परदेशी गेले. काठमांडू, ललितपूर व भक्तपूर हे तीन जिल्हे मिळून आज तीस लाखांहून अधिक लोक आहेत. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी खोऱ्यात जेमतेम चार लाख होते.

ही सारी माणसे राहिली कोठे? उंच टार तर शेकडो वर्षांपूर्वीच भरले होते. घरे उतरली ती सखल भाताच्या खाचरांत, नद्यांच्या काठांवर, राजकुलोंच्या पात्रांवर. आणि येथून सरोवराचा तळ आपले अस्तित्व पुन्हा जाणवून देऊ लागला.

पहिली गोष्ट भूकंपाची. खरवसाच्या पातेल्यास धक्का द्यावा. पातेले क्षणभर हलून थांबते, आतील खरवस मात्र बराच वेळ थरथरत राहतो. खडकाच्या परातीतील या गाळाचे तसेच आहे. १२५५ च्या भूकंपात राजा अभयमल्लही दगावला. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने नेपाळात साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मारली, त्यांपैकी निम्मी एकट्या या खोऱ्यातील. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ प्रतीचा भूकंप गोरखा जिल्ह्यात उगम पावला. साऱ्या देशात सुमारे नऊ हजार माणसे गेली. त्या वेळी गाळाचा थर चार-पाच सेकंदांच्या संथ झोक्याने हलला. अशा झोक्यात उंच इमारती अधिक डोलतात. म्हणून १८३२ साली मूळ बांधलेला आणि १९३४ च्या भूकंपानंतर पुन्हा उभारलेला धरहरा मनोरा कोसळला, तर बसकी घरे अनेकांच्या अपेक्षेहून पुष्कळ वाचली. मुख्य हादरा जलद कंपनांचा असता, तर खाचरांतून उठलेल्या या घरांची काय गत झाली असती, याची कल्पनाही करवत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. जेथे तेथे कूपनलिका खोदून खोल थरांतील पाणी उपसले गेले. जमीन बांधून टाकल्याने वरचे मुरेना. कालवे तुटले, तळी बुजली, अनेक हिटी कोरड्या पडल्या. खोऱ्याचे काही भाग खचत असल्याचे उपग्रहांच्या मोजमापांतून दिसू लागले. अखेर मेलम्ची नदीचे पाणी सव्वीस-सत्तावीस किलोमीटरांच्या बोगद्यातून २०२१ च्या मार्चमध्ये शहरात आले. दिवसाला सतरा कोटी लिटर पाणी देण्याची ही योजना. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या महापुराने तिच्या मुखाची पार दैना केली. एकीकडे ही टंचाई, तर दुसरीकडे २०२४ च्या सप्टेंबरअखेर काठमांडूच्या विमानतळावर चोवीस तासांत २४० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. नख्खु व बागमती यांच्या काठच्या वस्त्या बुडाल्या; देशभर दोनशेंहून अधिक माणसे दगावली. परातीला पाणी जाण्याची वाट एकच, हे आपण आरंभी पाहिले. नदीने आपली जुनी जागा मागितली, एवढेच म्हणावयाचे.

तिसरी गोष्ट हवेची. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्याच्या तळाशी बसते व उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा पडतो. मोटारींचा, वीटभट्ट्यांचा आणि वसंतात वणव्यांचा धूर त्याखाली कोंडतो. २०२१ च्या मार्चअखेर हवा इतकी बिघडली की साऱ्या देशातील शाळा चार दिवस बंद ठेवाव्या लागल्या. साथीमुळे आधीच वर्गांना मुकलेल्या मुलांना पुन्हा घरी बसावे लागले.

या सर्वांचा दोष डोंगरांतून आलेल्या माणसांवर ढकलणे अन्यायाचे होईल. घर जळाले, शेत बुडाले, मुलांना शाळा नाही, अशा माणसाने राजधानीत यावयाचे नाही तर कोठे जावे? आपले पूर्वजही कधी लष्कराबरोबर, कधी चाकरीसाठी, कधी दुष्काळामुळे आपापली गावे सोडून निघाले होते. प्रश्न असा आहे, की या खोऱ्यात कोठे राहावे व कोठे राहू नये याचे ज्ञान तेथे असूनही ते नव्यांच्या कानी का पडले नाही? त्याचे एक कारण आम्हांस असे दिसते, की ते ज्ञान ज्या भाषेत आणि ज्या संस्थांत साठविले होते, त्यांचीच गळचेपी झाली होती.

नेवारांची भाषा नेपाळभाषा ही तिबेटी-ब्रह्मी कुळातील. मल्लांच्या दरबारी तिला मान होता. राणांच्या काळी तिच्यात लिहिणे हा गुन्हा ठरला. चित्तधर ‘हृदय’ या कवीला एका कवितेपायी तुरुंगवास घडला. त्याने तुरुंगातच बुद्धचरित्रावरील ‘सुगत सौरभ’ हे महाकाव्य चोरून लिहून काढले. १९६५ मध्ये नभोवाणीवरील नेपाळभाषेतील बातम्या बंद झाल्या. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काठमांडूच्या पालिकेला तिच्या कारभारात या भाषेचा उपयोग करण्यास मनाई केली. गुठींच्या जमिनी १९६४ पासून सरकारी संस्थानाच्या ताब्यात जात राहिल्या. आज काठमांडू जिल्ह्यात नेवारांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून कमी आहे. स्वतःच्या नगरीत अल्पसंख्य होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागू नये. आपण अन्यत्र येऊन अल्पसंख्य झालो. ते घरी राहूनच झाले.

परंतु हकीकत येथेच संपत नाही. २०१९ च्या जूनमध्ये उरलेल्या गुठीही सरकारी अधिकाराखाली आणू पाहणारे विधेयक आले, तेव्हा हजारो माणसे पारंपरिक वेशात, वाद्ये घेऊन काठमांडूच्या रस्त्यावर उतरली आणि ते विधेयक मागे घ्यावे लागले. १६७० मध्ये प्रतापमल्लाने बांधविलेल्या राणीपोखरी तळ्याची भूकंपानंतरची दुरुस्ती काँक्रीटने चालली होती. लोकांनी ती अडविली, आणि अखेर विटा, चुना व काळी माती यांनी ते तळे २०२० मध्ये पूर्ववत झाले. ज्यावरून नगरीला नाव मिळाले तो काष्ठमंडप २०१५ मध्ये कोसळला होता. उत्खननात त्याचा पाया सातव्या शतकाइतका जुना निघाला, आणि तो भूकंपानंतरही शाबूत होता! त्याच पायावर लाकूड व विटांनीच काष्ठमंडप पुन्हा उभा राहिला; ते काम २०२२ मध्ये पुरे झाले. ललितपूरच्या आल्को हिटीचे वाहून जाणारे पाणी मोहल्ल्यातील लोकांनी टाकीत साठवून घरोघर देण्याची व्यवस्था केली आहे. २०१३ पासून दर शनिवारी नागरिक बागमतीच्या पात्रात उतरून कचरा काढतात. त्यात नेवार आहेत, पहाडी आहेत, तराईतलेही आहेत. काठमांडूच्या शाळांत नेपाळभाषा शिकविली जाऊ लागली आहे, आणि २०२४ मध्ये बागमती प्रांताने तिला तामांग भाषेच्या जोडीने कारभाराच्या भाषेचा दर्जा दिला.

आमच्या मते यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती शाळेतील तासाची. त्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी ही भाषा बोलली जात नाही. त्यांचे आईबाप दूरच्या डोंगरांतून आलेले. ती मुले ‘हिटी’ हा शब्द शिकतील, ‘सिथि नखः’चा अर्थ विचारतील, तेव्हा ज्या भूमीवर आपले घर आहे तिची ओळख त्यांना प्रथमच होईल. आपल्या मुलांनी घरी मराठी टिकवावी असा आग्रह आपण धरतो, तो योग्यच आहे. त्याच्याच जोडीला, ज्या नगरीने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले तिच्या नद्या, तळी, विहिरी यांची जुनी नावे आणि त्यांमागील संकेत तेथील भाषेत त्यांनी शिकावे, असाही आग्रह धरावयास हवा. बडोद्याची विश्वामित्री असो वा हैदराबादची मुसी, तिचा पूर कोठवर येत असे हे सांगणारी वृद्ध माणसे अद्याप आपल्या शेजारी आहेत.

जाता जाता एक गोड योगायोग. नेवारांचा संवत्सर ‘नेपाळ संवत’ इ. स. ८७९ पासून चालतो. शंखधर नावाच्या व्यापाऱ्याने नदीकाठच्या वाळूचे सोने झाल्यावर त्यातून साऱ्या प्रजेचे कर्ज फेडले व त्या आनंदात नवे वर्ष सुरू झाले, अशी त्याची कथा आहे. २००८ मध्ये नेपाळ सरकारने या संवताला राष्ट्रीय मान्यता दिली. त्याचा वर्षारंभ कार्तिक शुद्ध प्रतिपदेला होतो, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला. आपल्या घरी ओवाळणी चालू असेल, त्याच संध्याकाळी काठमांडूच्या जुन्या घरांतून जमिनीवर प्रत्येक माणसासाठी एकेक मंडल रेखून ‘म्हपूजा’ म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा होत असते. घरातील प्रत्येकासाठी एक मंडल असते. आणि जो घरापासून दूर आहे, त्याच्यासाठीही एक मंडल रेखतात.